ग्रीन बेल्टनंतर कराटेतलं मन उडालंय, टिकून राहायचं कसं?

उशिरा_सुरुवात

नमस्कार मंडळी. वय चौतीस, शोतोकान कराटे शिकतोय, आत्ता ग्रीन बेल्ट आहे. सुरुवातीला अक्षरशः वेड लागलं होतं, क्लास संपून घरी आलो तरी आरशासमोर पंच मारत उभा असायचो. ते सगळं आता ओसरलंय. क्लासला जातो, नाही असं नाही, पण पाट्या टाकल्यासारखं होतं. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओई-झुकी (पाऊल पुढे टाकत पंच), वळा, परत गेदान-बाराई (खालचा ब्लॉक), परत वळा. हेइआन मालिकेतला तिसरा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम), हेइआन सानदान, चालू आहे तरी सर दर वेळी पहिल्या, हेइआन शोदानपासूनच करून घेतात आणि माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं.

दुसरी अडचण कुमितेची, म्हणजे जोडीदाराशी लढायच्या सरावाची. समोरचा पुढे सरकला की माझे डोळे आपोआप मिटतात, खांदे वर जातात, श्वास अडकतो आणि एवढं घोटलेलं एकही ब्लॉक वेळेवर बाहेर येत नाही. माझ्यानंतर आलेली विशीतली मुलं बिनधास्त लढतात. मग वाटतं की आपल्यात ती जिगरच नाहीये का, की मनाची तयारी कशी करायची हे कुणी शिकवलंच नाही?

जे वर्षानुवर्षं टिकलेत त्यांना विचारायचंय, ज्या दिवशी अजिबात जावंसं वाटत नाही त्या दिवशी तुम्ही नक्की काय करता? मोटिव्हेशनल व्हिडिओ प्लीज नका पाठवू, त्याचा असर जेमतेम दोन दिवस राहतो.

जुना_गी

मी बरीच वर्षं शिकवतोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. ग्रीन ते ब्राऊन या पट्ट्यातच सगळ्यात जास्त माणसं गळतात, आणि त्याचं कारण जिगर वगैरे नसतं. पांढऱ्या बेल्टला प्रत्येक क्लासमध्ये काहीतरी नवीन मिळतं, नवीन किक, नवीन स्टान्स, त्यामुळे प्रगती डोळ्यांना दिसते. आता तुमची प्रगती अर्ध्या इंचात होतेय आणि तो अर्धा इंच बघायची नजर अजून तयार झालेली नाही, म्हणून सगळं तेच तेच वाटतंय.

तर असं करा, क्लासला जाताना एकच गोष्ट ठरवून जा, एकच, दोन पण नको. ओई-झुकीचंच घ्या. आज फक्त मागच्या पायाची टाच. पुढे सरकून पंच बसतो त्या क्षणी टाच जमिनीला आहे की उचललीये? बहुतेकांची उचललेली असते, आणि ती उचलली की खालून येणारा जोर तिथेच निसटतो, मग पंच नुसत्या हाताचा उरतो. पुढच्या वेळी डोक्याची उंची बघा. पाऊल टाकताना डोकं वर जातं का? जात असेल तर पाय मध्येच सरळ होतोय, म्हणजे समोरच्याला तुम्ही निघालात हे आधीच कळतंय. त्यानंतर हिकिते, मागे ओढलेली मूठ खरंच कमरेला येते की बरगडीपाशीच लटकते? मग मूठ कधी वळते ते बघा, ती अगदी शेवटी वळायला हवी आणि खांदा खालीच राहायला हवा. एका पंचमध्ये सहा महिने पुरेल एवढं काम आहे हो, फक्त ते कुणीतरी सुटं करून दाखवावं लागतं.

ज्या दिवशी जावंसं वाटत नाही त्या दिवशी मी मनाशी चर्चा करत नाही. बॅग आदल्या रात्री भरलेली असते, वेळ झाली की निघायचं. मूड क्लासमध्ये पोचल्यावर वॉर्मअपमध्ये कधीतरी येतो, नाही आला तरी त्या दिवशीची टाच तर बघून होते.

हेइआन शोदान परत परत का, तर हे काता कराटेच्या जन्मभूमीतले, ओकिनावाचे शिक्षक इतोसू अंको यांनी शाळेतल्या मुलांना शिकवता यावेत म्हणून बसवलेले, त्यामुळे वरून सोपे दिसतात, पण वळणं, वजन सरकवणं, नजर आधी फिरवणं हे सगळं तिथेच पक्कं होतं. जुन्या ओकिनावात एका काताला तीन वर्षं द्यायची रीत होती. आणि वयाचं म्हणाल तर शोतोकानचे जनक फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावा सोडून टोकियोत कराटे दाखवायला गेले तेव्हा ५३ वर्षांचे होते, परत न जाता तिथेच राहिले, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाडलोट, बागेची कामं करत दिवस काढले आणि शिकवत राहिले. चौतीस म्हणजे काहीच नाही.

उकेमी

मी ज्युदोवाली आहे पण कुमितेच्या भीतीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. दादा, डोळे मिटणं म्हणजे भित्रेपणा नाहीये. तोंडाकडे काही वेगात आलं की पापण्या मिटणार, खांदे वर जाणार, ही शरीराची जन्मापासूनची सवय आहे आणि ती सवयीनेच मोडते. घाबरू नकोस असं कुणी कितीही ओरडलं तरी मोडत नाही.

आमच्याकडे सुरुवातीला बरेच दिवस नुसतं पडायलाच शिकवतात. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर, हात अंगापासून थोडा लांब आणि तळव्यापासून कोपरापर्यंत सगळा एकदम मॅटवर आपटायचा, कोपर टेकवून पडायचं नाही. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने, मग कुणीतरी हळू पाडणार. हे अंगवळणी पडेपर्यंत रांदोरीत (मोकळ्या लढतीच्या सरावात) माणूस हात ताठ करून नुसता समोरच्याला ढकलत राहतो कारण मनात फक्त पडायची भीती असते. आणि ज्या दिवशी पडणं अंगात मुरतं ना, त्या दिवसापासून खेळ सुरू होतो, हात सैल पडतात, समोरच्याचं वजन जाणवायला लागतं. हा बदल मी नवीन मुलींमध्ये दर वर्षी बघते आणि दर वेळी तेवढाच आनंद होतो.

तुमच्या कुमितेलाही अशाच पायऱ्या लागतील. विश्वासातला एक पार्टनर घ्या, त्याला अगदी हळू पंच करायला सांगा, चेहऱ्याच्या वीतभर अलीकडे थांबवायचा. तुम्ही ब्लॉक करायचाच नाही, फक्त डोळे उघडे ठेवायचे आणि तोंडाने श्वास सोडायचा. नजर त्याच्या मुठीवर नको, छाती-खांद्याच्या भागावर ठेवा, खांदा हलतो तो मुठीच्या आधी हलतो. हे जमलं की फक्त मागे-बाजूला सरकून अंतर सांभाळायचं, हात वापरायचे नाहीत. मग ब्लॉक. मग वेग वाढवा. सरांना सरळ सांगा की मला डायरेक्ट फ्री स्पॅरिंगच्या आधी हे हवंय, कुठलाही चांगला शिक्षक नाही म्हणणार नाही.

बेल्टच्या बाबतीत केइको फुकुदा यांच्याबद्दल वाचा कधीतरी. ज्युदो सुरू करणाऱ्या कानो यांच्या त्या थेट विद्यार्थिनी. बाईला ५व्या दानच्या (दान म्हणजे ब्लॅक बेल्टमधली पायरी) वर न्यायचंच नाही अशी कोदोकानची, म्हणजे ज्युदोच्या मुख्य संस्थेची पद्धत होती, त्यामुळे कित्येक वर्षं त्या तिथेच अडकल्या, ६वा दान मिळाला १९७२ मध्ये. अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने १०वा दान दिला २०११ मध्ये, तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या आणि तोपर्यंत शिकवत होत्या. इतकी वर्षं वरचा दरवाजा बंद असताना रोज मॅटवर येणं, मला तर विचार करूनच भरून येतं.

संध्याकाळची_मॅट

थोडं वेगळं मत मांडतो. कंटाळा आला की दोष आपल्या मनालाच द्यायचा हे मला पटत नाही. कधीकधी ट्रेनिंगची पद्धतच चुकीची असते.

मोटर लर्निंगमध्ये (हालचाली कशा शिकल्या जातात याच्या अभ्यासात) शे आणि मॉर्गन यांचा १९७९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. एकाच हालचालीचा सलग सराव करणारे सरावादरम्यान पटापट सुधारले, पण काही दिवसांनी परत तपासलं तेव्हा ज्यांना हालचाली मिसळून दिल्या होत्या त्यांच्याच जास्त लक्षात राहिल्या होत्या. म्हणजे पन्नास ओई-झुकी ओळीने मारताना विसाव्या पंचनंतर डोकं बंद पडतं, शरीर नुसतं रेटत राहतं. त्यापेक्षा पंच, ब्लॉक, किक असं क्रम बदलत करा, दर वेळी डोक्याला नव्याने ठरवावं लागलं पाहिजे.

मी ब्राझिलियन जिउ-जित्सू करतो. आमच्याकडे जवळपास प्रत्येक क्लासला रोलिंग होतं, म्हणजे समोरचा खरोखर विरोध करत असतो. गळा आवळला गेला की टॅप करायचं (हाताने थोपटून हार मानायची), हात मिळवायचा, परत सुरू. रोज हरायची सवय लागते आणि हरण्यात जे ओझं असतं ते हळूहळू उतरतं. ब्लॅक बेल्टला साधारण दहा वर्षं लागतात आणि पांढऱ्या-काळ्याच्या मधले बेल्ट मोजून तीन, त्यामुळे पुढच्या बेल्टच्या आशेवर कुणी टिकूच शकत नाही, जे टिकतात ते त्या रोलिंगच्या ओढीने टिकतात. तुम्हाला ग्रीन बेल्टला येऊन पण खऱ्या विरोधाची सवय नसेल तर तो प्रश्न तुमच्या निष्ठेचा नाही, क्लासचा आहे. सर सांगतील ते डोळे झाकून करत राहणं आणि डेडिकेशन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

जुना_गी

@संध्याकाळची_मॅट विरोधाच्या सरावाबद्दल शंभर टक्के सहमत, मी स्वतः ऑरेंज बेल्टपासून ठरवून दिलेला एक हल्ला आणि एक बचाव असं सुरू करतो. मिसळून करण्याबद्दल मात्र एक भर घालतो. हालचालीचा मूळ आकारच बसलेला नसेल तर मिसळून काय करणार, चुकीचीच गोष्ट वेगवेगळ्या क्रमाने होईल. आधी सावकाश, सलग, आकार पक्का होईपर्यंत, आणि मग मोडतोड. ग्रीन बेल्टला दोन्ही लागतं आणि नेमकं कुठलं किती हे शिक्षकाने माणूस बघून ठरवायचं असतं. जो शिक्षक विचारल्यावर का करायचं ते सांगत नाही त्याच्याकडून मी माझ्या मुलांना काढून घेईन, एवढं स्पष्ट सांगतो.

गुडघा_वाचवा

फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे मार्शल आर्ट्सवाले भरपूर येतात, म्हणून एकच विषय. दुखतंय तरी करतोय याला कृपा करून निष्ठा म्हणू नका.

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, पोटऱ्या ठणकतात ते स्नायूंचं दुखणं, ते ओसरतं, त्यात हलका सराव चालतो. पण सांध्यात टोचल्यासारखं दुखणं, सूज, किंवा एकाच जागी रोज वाढत जाणारं दुखणं आलं की थांबायचं आणि दाखवायचं. स्नायू लवकर ताकद धरतात, टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोराला) त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तिशीनंतर नव्याने सुरू केलेल्यांची फसगत इथेच होते, ताकद आल्यासारखी वाटते म्हणून किक वाढवतात आणि टेंडन मागे राहिलेला असतो. कराटेवाल्यांनी दोन गोष्टी बघा. किबा-दाचीत (घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यात) गुडघे आत कोसळतात का, आणि हवेत माए-गेरी (समोरची किक) मारताना गुडघा पूर्ण ताणून झटका बसतो का. हवेत अडवायला काही नसतं त्यामुळे तो झटका सांधाच खातो, पाय वेळेत मागे खेचायची सवय लावा. हवेतल्या पंचला कोपराचंही तेच.

क्योकुशिन या कराटेच्या प्रकारात ओळीने १०० जणांशी लढायची परीक्षा असते, त्याची उदाहरणं लोक एकमेकांना फार पाठवतात. ती पूर्ण करणारे काही जण त्यानंतर हॉस्पिटलमध्ये भरती झालेले आहेत हे त्याबरोबर कुणी पाठवत नाही. ती माणसं असामान्य आहेतच, पण आठवड्याला तीन क्लास करून नोकरी सांभाळणाऱ्याने ते माप स्वतःला लावू नये.

झोप पुरेशी घ्या, शिकलेली हालचाल डोक्यात पक्की व्हायला झोपेचा मोठा हात असतो. आणि दुखापत झालीच तर घरी बसू नका, क्लासला जाऊन कडेला बसून बघा. जपानी परंपरेत बघून शिकणं हा सरावाचाच भाग मानतात. माझे जे पेशंट असं जात राहिले ते बरे झाल्यावर परत उभे राहिले, जे महिनाभर फिरकलेच नाहीत त्यातले बरेच कायमचेच सुटले.

उशिरा_सुरुवात

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोन-तीन क्लास झाल्यावर मुद्दाम परत आलोय.

टाचेचं करून बघितलं. डावा पाय मागे असताना टाच टेकते आणि उजवा मागे असताना दर वेळी उचलली जाते! इतक्या दिवसांत हे माहीतच नव्हतं. सरांना दाखवलं तर ते म्हणाले उजवा घोटा कडक आहे आणि दोन स्ट्रेच दिले, आणि तो तासभर कसा गेला कळलंच नाही. ताई, तुमचा हळू पंचवाला सराव पण सुरू केलाय, ब्लॉक न करता नुसतं उभं राहणं हे वाटलं होतं त्यापेक्षा फारच अवघड आहे, पण श्वास सोडला की डोळे उघडे राहतात हे खरंय. सर आता शेवटची दहा मिनिटं आम्हा चार-पाच मोठ्यांना तेच देणार आहेत.

आता एक प्रश्न. पुढच्या महिन्यात ग्रेडिंग आहे, सर म्हणतात तुझं तू ठरव. हेइआन सानदान पाठ आहे पण मनातून खात्री वाटत नाहीये. द्यावी का?

जुना_गी

घोट्याचं सापडलं हे फार छान झालं. ग्रेडिंगसाठी एक सोपी चाचणी सांगतो. रोज ज्या भिंतीकडे तोंड करून काता सुरू करता ती सोडून दुसऱ्या भिंतीकडे तोंड करा, शक्यतो हॉलच्या कोपऱ्याकडे तिरकं, आणि पूर्ण हेइआन सानदान न थांबता करा. बहुतेक जण खिडकी, दार, आरसा अशा खुणांवर वळत असतात आणि खुणा बदलल्या की पहिल्या दुसऱ्या वळणालाच गडबडतात. तुम्ही अडखळला नाहीत तर बिनधास्त द्या. अडखळलात तर महिना हातात आहे, रोज दिशा बदलून करा आणि शेवटच्या आठवड्यात सरांना परत दाखवा.

उकेमी

आणि एकदा डोळे मिटूनही करून बघा, पण हॉल रिकामा असताना. सुरुवात केली तिथेच परत येताय का ते डोळे उघडल्यावर कळेल.