रविवारी एकटीनेच जंगलात चालायचंय, पाटणादेवी की पाल?

जळगावला राहते. आठवडाभर ऑफिस, त्यामुळे येत्या रविवारी दिवसभर कुणाशी न बोलता चालायचंय. गाडी नाही. मुक्काम नको. कुठे जाऊ?

सातमाळकर : ताई, पाटणादेवीच. सातपुड्यातलं पालचं जंगल सुंदर आहे, पण स्वतःची गाडी नसेल तर अर्धा दिवस वाटेतच जातो. सकाळच्या रेल्वेने चाळीसगाव गाठा, पुढे साधारण १८ किलोमीटर रिक्षा. परतीची रिक्षा तिथेच ठरवून, नंबर घेऊन ठेवा. संध्याकाळी देवळापाशी वाहन मिळेलच असं नाही.

चढायचं असेल तर कन्हेरगड करा. वाटेत नागार्जुन लेणं आणि सीतेची न्हाणी लागते. घाई करू नका. अंजनाची झाडं बघा, पान हातात घेऊन बघा : दोन पाकळ्या देठाशी जुळलेल्या, आपट्याचं धाकटं भावंडच. उन्हाळ्यात बाकी डोंगर करपतो तेव्हा त्याची कोवळी पालवी तांबूस झळकते.

गिरणाकाठ : कन्हेरगडाला माझी हरकत नाही. पितळखोरा लेण्यांच्या दरीत मात्र एकटीने उतरू नका, हे कळकळीने सांगतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी एकटाच गेलो होतो. शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला, घोटा सुजला आणि मोबाइलला रेंज नाही. गुरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी हाताला धरून वर आणलं. निघताना म्हणाले, "जपीसन जाय रे भाऊ." ते बाबा भेटले नसते तर रात्र तिथेच गेली असती. गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे ते, बिबट्या आहे. चारच्या आत खाली या. लेण्यांपाशी आग्या मोहोळं असतात, अत्तर लावून जाऊ नका.

सातमाळकर : खरंय. आणि गेटवर नाव नोंदवा, कुठे जाताय तेही सांगा. पाणी तीन लिटर, कळण्याची भाकर नि ठेचा घरून न्या.

वेळ उरला तर महादेवाच्या हेमाडपंती मंदिरात नुसत्या बसा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला तो इथेच, पाटणला. शके ११२८ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. माझं गणित कच्चं, तरी तिथे बसलं की मन भरून येतं.

मूळ प्रश्नकर्ती : दोघांचे खूप आभार. कन्हेरगड ठरला, दरी मैत्रिणींबरोबर कधीतरी. आईला परतीची वेळ सांगून ठेवली आहे. आता चाळीसगावची पहिली गाडी बघते.