नातवंडांना जुन्या गाडीचा नाद कसा लावावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे पन्नासच्या दशकातली मॉरिस मायनर आहे, ८०३ सीसी इंजिनवाली, चालू कंडिशनमध्ये. मुलाला तिच्यात कधीच रस वाटला नाही आणि त्याच्यामागे लागणं मी केव्हाच सोडलं. पण आता नात १३ ची आहे, नातू ७ चा, आणि सुट्टीत दोघंही माझ्याकडे असणारेत, तर म्हटलं यावेळी नीट ठरवून काहीतरी करू. गाडीत बसवून एक चक्कर मारून आणणं हा प्रकार करून झालाय, त्यात थोडा वेळ मजा येते आणि मग मागून "आजोबा एसी लावा ना" सुरू होतं.

नातवाला गाडीतली एकच गोष्ट जाम आवडते, ट्रॅफिकेटर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आत्ताच्या इंडिकेटरच्या जागी दरवाज्यामागच्या खांबातून दिवा असलेला एक छोटा हात टपकन बाहेर येतो आणि स्विच बंद केला की परत आत जातो. हा पठ्ठ्या बॅटरी उतरेपर्यंत डावं उजवं करत बसतो.

नातीचं मात्र अवघड आहे. तिला मी बर्था बेंझची, म्हणजे मोटारगाडी बनवणाऱ्या कार्ल बेंझच्या बायकोची गोष्ट सांगितली, की १८८८ साली जर्मनीत नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी गाडी घेऊन ती मानहाइमहून फोर्झहाइमला म्हणजे शंभरेक किलोमीटर गेली, वाटेत इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली, इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन (पेट्रोलसारखं एक द्रावण) घेतलं, आणि सोबत तिची १५ आणि १३ वर्षांची मुलं होती ज्यांनी चढावर गाडी ढकलली. मला वाटलं आता पोरगी खूश होणार. तर म्हणते, "म्हणजे मी काय, फक्त ढकलायचं?" त्यावरून कळलं की हिला ऐकायचं नाहीये, हात घालायचाय.

तर प्रश्न असा की या वयाच्या मुलांना खरंखुरं कुठलं काम देता येईल, उगाच फडकं देऊन "पूस बेटा" असलं नको, ते मुलांना लगेच कळतं. माझ्या डोक्यात पुढच्या सस्पेन्शनच्या निपलना (ग्रीस भरायच्या छोट्या तोंडांना) ग्रीस मारणं, एसयू कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये म्हणजे वरच्या नळकांड्यात तेल टाकणं आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) इग्निशनच्या पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच लावणं एवढं आहे. नातीला हँडल (पुढून इंजिन हाताने फिरवायचा दांडा) मारायला द्यावं का? मला जरा धाकधूक वाटते. आणि दुसरं, गाडीला सीटबेल्ट नाहीत, त्यावरून सूनबाईंची कुरकुर आहे आणि खरं सांगायचं तर मला ती पटते.

प्रतिसाद

काका, हँडल नक्की द्या पण इंजिन सुरू करायला नाही. इग्निशन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चारही स्पार्क प्लग काढून ठेवा. कॉम्प्रेशन म्हणजे आतल्या हवेचा दाब नसला की इंजिन एकदम हलकं फिरतं. डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) कॅप काढून नातवाला आतला फिरणारा रोटर बघायला बसवा आणि नातीला हँडल फिरवू द्या, हँडलचे दोन फेरे झाले की रोटरचा एक होतो हे त्यालाच मोजू दे. मग हँडल तुम्ही घ्या आणि तिला पहिल्या सिलेंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायला सांगा, हवा अंगठा ढकलून देते तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. १-३-४-२ हा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, पोरं अशीच शिकतात, कागदावर काढून दाखवला की जांभया देतात. आणि प्लगच्या वायरना आधी नंबर लावून घ्या, ते काम नातवाचं. पुढे कधी खरंच हँडलने सुरू करायची वेळ आली तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही, आणि झटका खालून वर. इंजिनने उलटा दणका दिला तर हात तरी सुटतो. पण ते अजून काही वर्षांनी.

प्रतिसाद

सूनबाई बरोबर आहेत. बेल्टसाठी मुळात अँकर पॉइंट (बेल्ट अडकवायच्या मजबूत जागा) नसतील तर पत्र्याला भोक पाडून बेल्ट लावणं म्हणजे नुसतं समाधान, मागून मजबुतीची प्लेट लागते आणि ते जाणकाराकडूनच करून घ्या. तोपर्यंत रस्त्यावर मुलं मागच्या नव्या गाडीत बेल्ट लावून आणि तुम्ही पुढे मायनरमध्ये. त्यांना मागून ट्रॅफिकेटर पण छान दिसतील :) अजून एक, जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रम उघडायचं काम मुलं असताना काढू नका आणि ती धूळ हवेने उडवू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून पॉलिश पेपर पण त्यांच्या हातात नको. आणि गाडी जॅकवर असेल तर स्टँड लावल्याशिवाय कुणीच जवळ जायचं नाही, तुम्ही सुद्धा.

प्रतिसाद

थोडं वेगळं मत. तिला तुमचीच गाडी आवडायला हवी असं काही नाही ना? फिवाच्या (जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) व्याख्येत ३० वर्षं झालेली गाडी ऐतिहासिक धरतात, म्हणजे नव्वदच्या सुरुवातीच्या गाड्यासुद्धा आल्या. रेसिंगच्या व्हिडिओ गेममधल्या कितीतरी गाड्या त्याच काळातल्या आहेत आणि तुमच्या नातीला कदाचित त्यांची नावं तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतील. विचारून तर बघा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. अंगठ्याची आयडिया भारीच आहे, तीच आधी करतो. गेमचं विचारलं, तर तिने अर्धा तास टर्बो म्हणजे काय ते मला समजावलं, मी ऐकून घेतलं. आता फक्त एक सांगा, ग्रीस गन दाबायला ७ वर्षाच्या हातात जोर पुरतो का?

प्रतिसाद

नाही पुरत. गनचं तोंड निपलवर त्याने धरायचं आणि दांडा तुम्ही किंवा ताईने दाबायचा. जुनं काळं ग्रीस जाऊन नवीन बाहेर दिसायला लागलं की "बस" म्हणायचा हक्क त्याचा. जुने कपडे घाला दोघांना.