लहान मुलांना टीव्हीवर नेमकं काय लावून द्यावं? (घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड)

वडगावकर

मुलगी सव्वाचार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, पुढं इंग्लिश मीडियमचा विचार. ३२ इंची टीव्ही आहे, केबल आणि नेट दोन्ही आहे. सध्या जे लागेल ते हिंदी कार्टून चालतं आणि बंद केलं की रडारड. नेटवरच्या 'चांगल्या कार्यक्रमां'च्या याद्या सगळ्या अमेरिकेतल्या आईबापांसाठी लिहिलेल्या. मला दोनच गोष्टी सांगा की: कार्यक्रम चांगला का वाईट हे ओळखायचं कसं, आणि भाषा कुठली ठेवायची? "टीव्हीच काढून टाका" हा सल्ला नको. घरात आज्जी आहेत आणि त्यांच्या मालिका आहेत.

पाटी_पेन्सिल

चॅनेल निवडू नका, भाग निवडा. चॅनेल लावलं की पुढं काय दिसणार ते चॅनेलवाले ठरवतात, आणि तिथं तीन वर्षांच्या पोराचं आणि दहा वर्षांच्या पोराचं एकाच ताटात वाढलेलं असतं.

एक भाग तपासायला दहा मिनिटं पुरतात. आधी आवाज बंद करा, मोबाईलवर एका मिनिटाचा गजर लावा आणि चित्र किती वेळा तुटतं ते मोजा, म्हणजे एका दृश्यावरून झटकन दुसऱ्यावर किती उड्या पडतात. दहा-बाराच्या आत असेल तर चार वर्षांच्या मुलाला धागा धरता येतो. वीसच्या वर गेलं तर सोडून द्या. हा शास्त्रातला आकडा नव्हे, कामचलाऊ चाळणी आहे. आवाज बंद असताना गोष्ट समजली नाही तर ती चित्रात नव्हतीच, नुसत्या आरडाओरड्यात होती, हेही तेव्हाच कळतं.

२०११ साली अमेरिकेत चार वर्षांच्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना 'स्पंजबॉब' या भरभर पळणाऱ्या कार्टूनची नऊ मिनिटं दाखवली, काहींना एक संथ कार्यक्रम, उरलेल्यांना कागद आणि रंग दिले. लगेच नंतर स्वतःला आवरण्याचे, डोकं चालवण्याचे खेळ घेतले, त्यात पहिला गट मागं पडला. कायमचं नुकसान होतं असं यातून निघत नाही, मोजला तो लगेचचा परिणाम. पुढच्या प्रयोगांत तर वेगापेक्षा अशक्य गोष्टींचा मारा जास्त नडतो असं दिसलं. म्हणून उड्या मोजताना हेही बघा: माणूस चपटा होतो, डोकं फुटून परत जुळतं, घर उडून जातं, असं मिनिटाला किती वेळा? एखादी अद्भुत गोष्ट चालते. बोलणारा ससा चालतोच.

मग आवाज सुरू करून तीन ठिकाणी बघा: सुरुवात, मध्य आणि शेवटची दोन मिनिटं. भानगड सुटते कशी ते महत्त्वाचं. 'छोटा भीम' (२००८ पासून) सहा-सात वर्षांच्या मुलाला चालेल. चार वर्षांच्या मुलीच्या डोक्यात राहतो तो लाडू आणि ठोसा. शेवटच्या मिनिटात सांगितलेली शिकवण या वयात आधीच्या दहा मिनिटांशी जोडली जात नाही. ज्यात पात्रं दहा मिनिटं भांडतात आणि शेवटी 'भांडू नये' म्हणतात, त्यातून मूल भांडणच उचलतं.

पात्र प्रश्न विचारून खरंच थांबतं का, तेही बघा. १९९६ साली सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या लहान मुलांच्या अमेरिकी कार्यक्रमात निवेदक प्रश्न विचारून गप्प राहायचा आणि तोच भाग आठवड्यात सलग पाच दिवस दाखवायचे. पहिल्या दिवशी मुलं नुसती बघायची, चौथ्या-पाचव्या दिवशी ओरडून उत्तरं द्यायची. तेव्हा "परत तेच लाव" म्हणून मूल हट्ट धरतं त्याला वैतागू नका. नवीन भाग शोधत बसायचा तुमचाच त्रास वाचतो.

लांबी: 'पेप्पा पिग' पाच मिनिटं, 'ब्लूई' आणि 'शॉन द शीप' सात. 'ब्लूई'तले खेळ उशी, चादर, खुर्ची एवढ्यावर होतात, म्हणून टीव्ही बंद झाल्यावर घरातही चालतात. 'पेप्पा' संथ आहे, पण ती बापाच्या पोटावरून सारखी चेष्टा करते. ते तसंच्या तसं तुमच्या घरात ऐकू येईल.

दोन्ही_भाषा

भाषेचं बोलतो. तुमच्या मुलीच्या आसपास हिंदी ही ना घरची ना अंगणवाडीची, आणि तीच तिला टीव्हीवर सगळ्यात जास्त मिळते. चार वर्षांचं पोरगं "मुझे भूख लगी" म्हणतं तेव्हा पाहुण्यांना कौतुक वाटतं, पण ते वाक्य संवाद म्हणून उचललेलं असतं. त्याच पोराला मराठीत चार वाक्यांची गोष्ट सांगायला लावा, मग कळतं.

माझं मत: निम्मं बिनशब्दांचं ठेवा. 'शॉन द शीप' (२००७), त्याच्यातूनच निघालेलं आणखी लहानांसाठीचं 'टिमी टाइम' (२००९, दहा मिनिटांचे भाग), 'पिंगू'. पिंगूची भाषा कुठल्याच देशाची नाही, नुसते आवाज. अशा कार्यक्रमाला मराठी घालायचं काम आज्जींकडं द्या. मालिकांवर बोलतात तसंच त्यांनी इथं बोलायचं:

पहिल्या दिवशी पाच-सहा क्रियापदं सांगायची, जास्त नको: चढला, घसरला, लपला, ओतलं, सांडलं, रुसला. दुसऱ्या दिवशी तोच भाग, मधे थांबवून "आता काय करील गं हा?" तिसऱ्या दिवशी मुलीनं सांगायचं. चौथ्या दिवशी आवाजही बंद. शेजारी कोणी कन्नड बोलणारी अक्का असेल तर पाचव्या दिवशी तिला बोलवा. 'बिद्द' म्हणजे पडला, 'ओडिद' म्हणजे पळाला हे मुलीला भाषांतर न करता कळतं, कारण चित्र पाठ झालेलं असतं.

एक गंमत लक्षात ठेवा. कन्नडमधला 'बंद' म्हणजे आला. शेवटचा 'द' पूर्ण उच्चारतात. मराठी कान असलेलं मूल ते ऐकून टीव्ही बंद करायला उठतं. असे शब्द आधीच सांगून ठेवले तर कन्नड कार्यक्रमाची भीती जाते.

डब केलेल्या कन्नडमध्ये दुसरी अडचण. ते बेंगळूर-म्हैसूरकडचं असतं. त्यात 'बन्नि' म्हणतात, आपल्याकडं उत्तर कर्नाटकात अंगणवाडीच्या बाई 'बर्री' म्हणतात. मूल गोंधळत नाही, फक्त दोन्ही म्हणजे 'या' एवढं एकदा सांगावं लागतं. मराठी डबिंगचंही तेच. तिथं पुण्याची मराठी, घरात "काय करूलास". घरची भाषा चुकीची आहे असं मुलीला वाटू देऊ नका.

खानापूरकर

कन्नड शाळेत मिळणारच आहे, टीव्हीवर कशाला? घरात मराठीच लावा. मात्र यूट्यूबवरची बडबडगीतं आधी कानांनी तपासा. हल्ली बरीच यंत्राच्या आवाजात असतात. खूण सोपी: चाक, चूल, चमचा, जावई. या शब्दांतले च आणि ज हिंदीसारखे ऐकू आले की यंत्र किंवा मराठी न येणारा गायक. मग ळ बघा: बाळ, शाळा, कमळ. 'शाला' ऐकू आलं तर लगेच पुढं जा. तिसरी खूण म्हणजे ठेका. 'येरे येरे पावसा' डिस्कोच्या चालीवर असेल तर मूल नाचतं, पण शब्द एकही म्हणत नाही.

एक तासाचे 'बडबडगीत संग्रह' नकोतच. त्यांना शेवट नसतो, आणि रडारड तिथूनच सुरू होते.

दोन्ही_भाषा

@खानापूरकर, च-जची खूण झकास. पण शाळेत मिळतं ते कन्नड सूचनांचं असतं: बस, ऊठ, पाटी काढ. गोष्टीतलं कन्नड वेगळं. आठवड्यात दोन दिवस पुरे, मराठी कमी करा असं म्हणत नाही. 'स्टोरीवीव्हर' या साइटवर मराठी आणि कन्नड दोन्हींत चित्रगोष्टी फुकट आहेत. तीच गोष्ट दोन्ही भाषांत मिळाली तर मोबाईलवरून वाचून दाखवा, ती टीव्हीच्या वेळेत धरायचीही गरज नाही.

डिश_अँटेना

यंत्राचं काम मी सांगतो.

केबल: मुलांच्या काही चॅनेलवर एकाच चित्राला अनेक भाषांचे आवाज असतात. रिमोटवर 'ऑडिओ' किंवा 'लँग्वेज' असं बटण बघा, नसेल तर मेनूत जा. मराठी दिसली तर निवडा. काही बॉक्स चॅनेल बदललं की परत आधीच्या भाषेवर जातात, म्हणून सेटिंगमध्ये पहिली पसंतीची भाषाही मराठी करून ठेवा. मराठी दिसतच नसेल तर त्या चॅनेलवर ती नाही किंवा केबलवाला देत नाही. त्याला विचारा. कर्नाटकातल्या पॅकमध्ये मराठी चॅनेल कमी असतात, पण २०१९ पासून चॅनेल सुटे घेता येतात, पॅकच घ्या अशी सक्ती नाही. दूरदर्शनची फ्री डिश असेल तर सह्याद्री (मराठी) आणि चंदना (कन्नड) दोन्ही महिन्याचे पैसे न भरता मिळतात.

नेट: मोठ्यांचं यूट्यूब मुलांच्या हाती देऊ नका. 'यूट्यूब किड्स' हे मुलांचं वेगळं ॲप मोबाईलवर घ्या, मुलीच्या नावाचं प्रोफाइल करा आणि वय निवडताना 'मंजूर केलेलंच' हा पर्याय घ्या. मग तुम्ही निवडलेले व्हिडिओ आणि चॅनेल एवढंच दिसतं, शोधायची सोयही राहत नाही. आठवड्याला आठ-दहा भाग पुरेसे. 'शाळेआधीचे' असं नुसतं वय निवडलं तर निवड यंत्र करतं, आणि ओळखीच्या पात्रांची नकली चित्रं तिथूनही कधीकधी शिरतात. मंजूर करताना चित्र बघू नका, चॅनेलचं नाव बघा. टायमर त्याच ॲपमध्ये कुलपाच्या खुणेत आहे. आकड्यांचा पासकोड स्वतःचा घाला, नाहीतर ते गुणाकाराचं गणित मोठी भावंडं सोडवून देतात.

मोठं यूट्यूब वापरावंच लागलं तर 'ऑटोप्ले' (पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं) बंद. ही एक कळ विसरली की बाकी सगळं वाया.

अंतर: ३२ इंचीला साधारण सहा फूट. भिंतीला उंच टांगलेला टीव्ही मुलांना मान वर करून बघावा लागतो. पडद्याचा मध्य बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या जवळपास आणा.

वडगावकर

भरपूर मिळालं. राहिला धाकटा. तो ताईबरोबर बसतोच, त्याचं काय? आणि बंद करतानाची रडारड?

पाटी_पेन्सिल

धाकट्यासाठी काही निवडू नका. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं दोन वर्षांखाली पडदा नको, अपवाद फक्त नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिलेली मर्यादाही तीच. दीड वर्षाचं मूल पडद्यावरून शिकतं फार कमी. समोरच्या माणसानं वाटी लपवून दाखवली तर त्याला कळतं, तीच वाटी टीव्हीत लपवली तर कळत नाही.

त्याला खरा त्रास आहे तो मालिकांचा. २००८ च्या एका प्रयोगात १२, २४ आणि ३६ महिन्यांची ५० मुलं खेळण्यांसोबत ठेवली आणि शेजारी मोठ्यांचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम चालू ठेवला. मुलं टीव्हीकडं फारशी बघत नव्हती, तरी त्यांचा प्रत्येक खेळ लवकर तुटत होता. मालिका बंद करायला आज्जींना सांगू नका. मालिकेच्या वेळी धाकट्याला दुसऱ्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात डबे-झाकणं द्या, आणि मालिका नसताना 'असूदे चालू' एवढं बंद करा.

ताईच्या दोन भागांच्या वेळी, म्हणजे पंधरा मिनिटं, त्याची आंघोळ ठेवा.

रडारडीचं: मिनिटं सांगू नका, भाग सांगा. "दोन शॉन, मग बंद." चार वर्षांच्या मुलीला दहा मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही, गाणं वाजून नावं वर सरकली की संपलं हे कळतं. भागाच्या मधे कधीच बंद करू नका, मालिकेच्या मधे वीज गेली की आज्जींचं काय होतं ते आठवा. बटण मुलीलाच दाबू द्या. आणि लगेच पुढचं काम हातात: शेंगा सोलायच्या, फुलं तोडायची, भागातलीच एखादी गोष्ट करायची. पहिले चार-पाच दिवस रडेल. त्यातल्या एका दिवशी तिसरा भाग लावून दिलात तर मोजणी परत एकपासून.

जेवताना नको. घास किती गेले ते ना तिला कळतं ना भरवणाऱ्याला. झोपण्याआधीचा तासही मोकळा ठेवा.

डिश_अँटेना

आणि 'मंजूर केलेलंच' हे तिच्या प्रोफाइलला लावलंय, टीव्हीला नाही. टीव्हीवरचं मोठं यूट्यूब वडिलांच्या खात्यानं उघडं राहिलं तर ती तिथून बघेल. आधी त्यातून साइन आउट करा, मग रिमोट तिच्या हातात.