बूस्ट गेज कुठलं घ्यावं? (पोलो जीटी टीएसआय, रिमॅप केलेली)

मंडळी, माझी २०१४ ची १.२ टीएसआय (टर्बो पेट्रोल), डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). रिमॅपनंतर (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलल्यावर) हौसेने टर्बोचा दाब दाखवणारं ९०० रुपयांचं गेज बसवलं. इंजिन बंद असतानाही काटा ०.२ बारवर! आता डेफी किंवा एईएम कंपनीचं घेऊ, की ओबीडीवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायच्या पोर्टवर) भागेल?

उत्तर:
बंद गाडीत काटा शून्यावर येत नसेल तर ते गेज शोभेचंच. मीही या फंदात पडलोय. मेकॅनिकल गेजची नळी उन्हाने कडक होऊन सुटली, आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) डगमगायला लागलं, आणि मी आठवडाभर प्लग बदलत बसलो. सेन्सर बॉनेटखाली आणि केबिनमध्ये फक्त वायर येते, असंच घ्या.

उत्तर:
आधी ओबीडीवर मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बघा. तो हवेच्या दाबासकट आकडा दाखवतो. पुण्यात इंजिन बंद ठेवून इग्निशन दिलं की साधारण ९५ किलोपास्कल. तेवढे वजा करा. १९५ दिसले तर १०० उरतात, म्हणजे १ बार बूस्ट.

उत्तर:
गेज राहू द्या, रिमॅपने टॉर्क (इंजिनाची पीळ देण्याची ताकद) किती केलात? तुमच्या डीएसजीची, म्हणजे डीक्यू२०० गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे.

प्रश्नकर्ता:
ओबीडीवर ९४ आलं, म्हणजे काटाच खोटारडा. टॉर्कचं ट्यूनरला विचारतो... आधीच विचारायला हवं होतं.