टीव्ही ट्रोप्सचा नाद कोणाकोणाला लागलाय? आपापले अनुभव सांगा

नमस्कार मंडळी, मी नागपूरच्या धरमपेठेतून. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं.

गोष्टी सांगणारे लोक ज्या ठरलेल्या क्लृप्त्या वापरतात ना, म्हणजे जुळे भाऊ लहानपणी हरवणार, खलनायक हीरोला मारायच्या आधी सगळा प्लॅन सांगत बसणार, त्यांना ट्रोप म्हणतात आणि टीव्ही ट्रोप्स ही साइट म्हणजे चाहत्यांनीच लिहून लिहून मोठा केलेला त्यांचा साठा. 2004 साली सुरू झाली तेव्हा मुख्य भर बफी द व्हॅम्पायर स्लेयर या एका अमेरिकन मालिकेवर होता, आता सिनेमा, कादंबरी, कॉमिक्स, अॅनिमे, गेम, पुराणं, काही सोडलं नाहीये. आणि मला सगळ्यात भावतं ते हे की तिथे पान मिळायला कलाकृती प्रसिद्धच पाहिजे अशी अट नाही. जगभर गाजलेला सिनेमा आणि कोणी हौसेने काढलेलं वेब कॉमिक, दोघांचं पान तितक्याच प्रेमाने लिहिलेलं.

लोक म्हणतात सगळे साचे कळले की मजा जाते. माझी मजा वाढली. तुमचं काय? कोणत्या पानावरून आत शिरलात, त्याने पाहण्यावाचण्यात काय फरक पडला, लिहा.

महालवरून

मी चेकॉव्ह्स गनवरून घुसलो. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगली असेल तर पुढे ती उडलीच पाहिजे, हे रशियन नाटककार चेकॉव्हचं म्हणणं ऐकलेलं होतं, पण त्या पानावर शेकडो उदाहरणं आणि मग त्याच्या शेजारच्या क्लृप्त्या, एक लिंक उघडली की त्यातून चार, रात्रभर वाचून राहिलो बापा. कॉलेजच्या एकांकिकेत ते फार कामी आलं. आमच्या स्क्रिप्टमध्ये आजोबांची काठी होती, शेवटी तिच्यातून मृत्युपत्र निघायचं, पण आधी ती कुठेच दिसत नव्हती. मग पहिल्याच प्रवेशात नातू ती काठी घेऊन क्रिकेट खेळतो आणि आजोबा जरा जास्तच चिडतात असं टाकलं. लोक हसले आणि विसरले, शेवटी काठी उघडली तेव्हा मागच्या रांगेतून 'अरे हो ना बे' असा आवाज आला!! तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही.

मानेवाड्यावरून

मी मूळचा गडचिरोलीतल्या वडशाकडचा, नोकरीमुळे इकडे. आमच्याकडे धान निघाला, दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात, झाडीपट्टी रंगभूमी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गावोगावी. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक, पाहुण्यांनी घर भरलेलं, रात्री उशिरा पडदा उघडला की पहाटेपर्यंत चालते. मी लहानपणापासून मांडवात चादर पांघरून बसून हे पाहत आलो, पण त्याच्याकडे रचना म्हणून कधी पाहिलं नव्हतं.

त्या साइटवर कॉमिक रिलीफचं पान वाचलं आणि डोक्यात एकदम आमची विनोदी जोडी आली. वहिनीला घराबाहेर काढलं, बायका डोळे पुसून राहिल्या, आणि लगेच पुढच्या पडद्यावर ते दोघं धोतर सावरत हजर. शहरातला माणूस म्हणेल रसभंग झाला. पण राजेहो, रात्रीचे दोन वाजलेत, थंडी आहे, मागे सेट बदलून राहिले आणि समोर दोन हजार माणूस जागं ठेवायचं आहे, तिथे तो विनोद पाहिजेच, आणि तो हसवून गेला की पुढचं रडणं जास्त लागते. खलनायकाचंही तसंच. तो यायच्या आधी ऑर्गनवाला खालचा सूर धरून ठेवते, माणूस दिसलेला नसते तरी पोरं आईला चिकटतात. साइटवर त्यालाही नाव आहे, लाइटमोटिफ, म्हणजे पात्रासोबत येणारी ठरलेली धून. आमच्या ऑर्गनवाल्याचं आणि युरोपच्या ऑपेराचं काम एकच आहे हे वाचून मला इतका अभिमान वाटला की मी गावाकडे फोन करून सांगितलं.

रामदासपेठेतून

मी निवृत्त संस्कृत शिक्षिका, नातवाने ही साइट दाखवली. स्पॉट द इम्पोस्टर असं एक पान आहे, दोन सारखी माणसं समोर, खरा कोण ते ओळखा. मी त्याला म्हटलं अरे ही तर आपल्या विदर्भाच्या दमयंतीची गोष्ट. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण, यम चौघेही नलाचं रूप घेऊन बसले, मंडपात पाच नल. तिने ओळखलं कशावरून? देवांची पापणी लवत नाही, घाम येत नाही, माळ कोमेजत नाही, सावली पडत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. खऱ्या नलाला घाम होता, धूळ होती, सावली होती. माणूसपणाच्या खुणांवरून नवरा निवडला तिने, किती सुंदर! आणि पुढे तोच नल बाहुक होऊन वेषांतरात येतो तेव्हा त्याने रांधलेल्या अन्नाच्या चवीवरून संशय पक्का होतो, म्हणजे ओळख पटण्याचे दोन निरनिराळे प्रकार एकाच आख्यानात.

आणखी एक. अशा याद्या करणं आपल्याला नवीन नाही. नाट्यशास्त्रात वासकसज्जा, खंडिता, अभिसारिका अशा आठ नायिका सांगितल्यात, आठ रस सांगितलेत. भरतमुनींनी नटांसाठी केलं ते ही पोरं प्रेक्षक म्हणून करतायत, मला फार कौतुक वाटतं.

नंदनवनवरून

फक्त एक सांगतो, तिथे रहस्य फोडणारी वाक्यं पांढऱ्या अक्षरांत लपवलेली असतात, बोट टेकवलं तरच दिसतात. अनोळखी वाचकाची इतकी काळजी घेणारे लोक मला आवडतात.

प्रतापनगरवरून

मी तिथे लिहिते, अधूनमधून. नुसतं 'अमुक सिनेमातला मामा' एवढं उदाहरण चालत नाही, कोण, काय करतो, ते या क्लृप्तीत कसं बसतं हे लिहावंच लागतं, नाहीतर काढून टाकतात. ही शिस्त फार चांगली आहे. एक ओळ लिहायला मी सिनेमाचा तो प्रवेश परत लावते, आणि कळतं की साचा सरळ वापरलाय, उलटा केलाय, की आशा दाखवून मोडलाय (पिस्तूल रोखलं, चाप ओढला आणि आत गोळीच नव्हती, असं). ऑफिसात दिवसभर एक्सेल, संध्याकाळी हे. आता पूर्व विदर्भातल्या नाटकांबद्दल तिथे कोणी सविस्तर लिहिलंय का ते शोधणार आहे. मानेवाडावाले दादा, तुम्ही पाहिलेल्या नाटकांचे प्रवेश आठवतील तसे सांगा ना, कोणतं गाव, कोणतं नाटक, जोडी कुठे यायची, ऑर्गन कुठे वाजायचा. इंग्रजीत मी लिहून काढते.

मानेवाड्यावरून

ताई, सांगतो ना, काऊन नाही सांगणार. माझ्या मामाजवळ जुनी हँडबिलं जपून ठेवलेली आहेत, नाटकाचं नाव, मंडळाचं नाव, सगळं त्याच्यात असते. या शनिवारी वडशाले चाललो आहे, फोटो काढून आणतो.