धनुष्कोडी वादळाने संपलं की नंतर सोडून दिलं?

खारावारा: नुकतंच रामेश्वर करून आलो, बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडीलाही गेलो. रिक्षावाल्यापासून सगळ्यांची एकच टेप, १९६४ ला वादळ आलं नि गाव संपलं. मला नाही पटत. १९१४ ला रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा रेल्वे पूल झाला, मद्रासची बोट मेल गाडी थेट इथवर यायला लागली, उतरा, स्टीमरमध्ये बसा, पलीकडे सिलोनचं (आताच्या श्रीलंकेचं) तलाईमन्नार. स्टेशन, पोस्ट, कस्टम सगळं त्या येण्याजाण्यावर उभं राहिलं. वादळात पूलही मोडला होता, तो श्रीधरन (हो, आपले कोकण रेल्वेवालेच) यांच्या टीमने ४६ दिवसांत उभा केला, टार्गेट सहा महिन्यांचं होतं! धनुष्कोडीचे रूळ मात्र पुन्हा टाकलेच नाहीत, सरकारने जागा राहायला अयोग्य ठरवून हात झटकले.

रुळावरचा: पूल आणि गाव एका मापाने कसं मोजता राव? पुलाचा जहाजांसाठी उघडणारा मधला भाग शाबूत होता. इथे खाली नुसती वाळूची पट्टी, दोन्हीकडे समुद्र. २२ डिसेंबरच्या रात्री पांबनहून सुटलेली ६५३ नंबरची पॅसेंजर गाडी शंभरावर माणसांसकट गेली. एवढं झाल्यावर लोकांना तिथेच परत वसवा म्हणून सही कोण करणार, तुम्ही केली असती?

मुक्कामपोस्ट: गाव कशावर जगत होतं ते बघा ना. सिलोनच्या स्टीमर-फेरीवर. ती वादळानंतर रामेश्वरला हलली, आणि श्रीलंकेत यादवी पेटल्यावर ८० च्या दशकात तीही बंद. रूळ टाकले असते तरी वीसेक वर्षंच मिळाली असती.

खारावारा: वीस वर्षं काय कमी आहेत? आणि कुठली वीस वर्षं बघा, वादळाच्या दोनच महिने आधी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांचा शास्त्री-सिरिमाओ करार झाला होता, सिलोनच्या मळ्यांवरच्या सव्वापाच लाख तमिळांना भारतात घ्यायचं ठरलेलं, म्हणजे माणसांची वाहतूक होणारच होती. ती रामेश्वरच्या धक्क्यावर गेली एवढंच. बरं, कोळी तर आजही तिथे झोपड्या बांधून राहतात, आणि २०१७ ला पार अरिचल मुनईपर्यंत, म्हणजे जमिनीच्या शेवटच्या टोकापर्यंत, डांबरी रस्ता केला. अयोग्य जागेत एवढ्या गाड्या कशा चालतात मग?

रुळावरचा: संध्याकाळी सगळ्यांना परत हाकलतात की. तुम्हाला नाही हाकललं?

खारावारा: हाकललं 😅 पण कोळ्यांना नाही.