वणव्यानंतर राखीव रानातल्या प्राण्यांची पाहणी: कॅमेरे कुठे लावायचे?

रानवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही सिडनीच्या पश्चिमेला, ब्लू माउंटन्सच्या खालच्या उतारावर राहतो. घरामागे कौन्सिलचं राखीव रान आहे, साधारण चाळीस हेक्टर. या उन्हाळ्यात वणवा वरच्या धारेवरून उतरला आणि दोन दिवसांत बहुतेक सगळं रान जळालं. घरं वाचली. रान अकरा आठवडे बंद होतं, फाटक गेल्या शनिवारी उघडलं.

रानाची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांच्या आमच्या बुशकेअर गटात मी सहा वर्षं आहे, पण काम काय, तर लँटाना आणि प्रिव्हेट ही तणं उपटणं. आता समन्वयकांनी विचारलं, प्राण्यांची पाहणी बघाल का? मी हो म्हणालो, कारण या रानात माझ्या मुलीने पहिल्यांदा लायरबर्ड (इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करणारा पक्षी) पाहिला होता आणि तो अजून आहे का हे मला कळायला हवं.

रविवारी दोन तास चाललो. खोडं काळीठिक्कर, बँक्सियाची बोंडं तोंड वासून उघडलेली, ग्रास ट्रीच्या काळ्या बुंध्यातून हिरव्या पात्यांचा झुपका वर आलेला. एक स्वॅम्प वॉलबी, म्हणजे छोट्या कांगारूसारखा प्राणी, दिसली. बाकी सगळं चिडीचूप. खाली ओहोळाच्या घळीत मात्र नेच्यांचा एक पट्टा जळायचा राहून गेलाय.

आमच्याकडे दोन ट्रेल कॅमेरे (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे), तीन चांगले टॉर्च आणि आठ माणसं आहेत. मला हे विचारायचंय: कॅमेरे जळालेल्या भागात लावावेत ना? छोट्या प्राण्यांसाठी पिंजरे लावावेत का? आणि खाणं-पाणी ठेवावं का? गटातल्या काहींना खाणं-पाणी ठेवावंसं फार वाटतंय.

---

बेडूककान

पिंजऱ्यांचं आधी सांगतो. लावू नका. न्यू साउथ वेल्समध्ये देशी प्राणी पकडायचा तर परवाना लागतो, प्राणी-नीती समितीची मंजुरी लागते आणि हाताळायला शिकलेला माणूस लागतो. उपाशी, थकलेला जीव रात्रभर ॲल्युमिनियमच्या डब्यात अडकवणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. कॅमेऱ्यांसाठीही कौन्सिलची लेखी परवानगी घ्या.

दुसरं, बूट. आत जाताना आणि बाहेर येताना माती घासून काढा आणि तळव्यांवर मेथिलेटेड स्पिरिट फवारा. फायटॉफ्थोरा हा मुळं कुजवणारा, बुरशीसारखा सूक्ष्मजीव चिखलातून पसरतो. ओहोळाशी जाणार असाल तर बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशीही आहेच.

बेडकांसाठी ऑस्ट्रेलियन म्युझियमचं फ्रॉगआयडी ॲप फोनवर घ्या. पाऊस पडून गेला की संध्याकाळी ओहोळाकाठी उभं राहून आवाज टिपायचा आणि पाठवायचा. म्युझियममधले जाणकार प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकून जात सांगतात. यात कुणाला हात लावावा लागत नाही.

---

ढोलीवाली

रानवाट, तुमच्या पहिल्या प्रश्नावरच मला मोठं लिहायचंय, कारण तीच चूक आम्ही केली आहे आणि ती मला आजही सलते.

२०१९-२० च्या काळ्या उन्हाळ्यात गॉस्पर्स माउंटनचा वणवा आमच्या बाजूला आला होता. वीज पडून ऑक्टोबरच्या अखेरीस वोलेमी राष्ट्रीय उद्यानात लागलेली आग, पाच लाख हेक्टरांच्या वर रान खाऊन गेली. आमचं छोटं राखीव रान तिच्या कडेला होतं. फाटक उघडल्यावर आम्ही चार कॅमेरे घेऊन गेलो आणि चारही वरच्या फायर ट्रेलच्या कडेने, जळालेल्या भागात लावले. जायला सोपं, झाडं पडायची भीती कमी, आणि मनात हेच की जळालंय तिथेच बघायचं. सहा आठवड्यांत मिळालं काय? कोल्हा, स्वॅम्प वॉलबी, कोल्हा, मांजर, पुन्हा कोल्हा. अहवालात मी माझ्या हाताने लिहिलं, 'लहान सस्तन प्राणी आढळले नाहीत.'

पुढच्या वर्षी एक कॅमेरा साठ-सत्तर मीटर खाली, न जळालेल्या घळीत लावला. पहिल्याच रात्री बुश रॅट, म्हणजे इथला देशी रानउंदीर, आला. तो वणव्यात तिथेच तगून राहिला होता की नंतर कुठून आला, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. त्या पहिल्या सहा आठवड्यांत घळीत एक कॅमेरा असता तर कळलं असतं. व्हिक्टोरियातल्या अभ्यासात असं दिसलं होतं की वणव्यानंतर बुश रॅट बहुतेक बाहेरून येत नाहीत, जळालेल्या क्षेत्राच्या आत वाचलेल्या थोड्या जिवांपासूनच पुन्हा वाढतात. म्हणजे ती घळ हेच त्यांचं बियाणं. तिथल्या प्राण्यांची नोंद नसेल तर तिला जपा असं कौन्सिलला सांगायचं कशाच्या जोरावर?

म्हणून, दोनच कॅमेरे आहेत ना? एक जळालेल्या उतारावर, एक तुमच्या नेच्यांच्या पट्ट्यात. आणि ते हलवायचे नाहीत. झाडावर खूण करा, जीपीएस लिहून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच झाडावर, तितक्याच रात्री. दर आठवड्याला नवी जागा धुंडाळायचा मोह होतो, कारण नवी जागा नवा प्राणी देते. पण मग वर्षभराने तुलना कशाशी करणार?

लावताना कॅमेऱ्याचं तोंड दक्षिणेकडे ठेवा. इकडे सूर्य उत्तरेकडून असतो. उत्तरेला तोंड केलंत तर भिंगावर ऊन येईल आणि तापलेल्या काळ्या खोडांमुळे सेन्सर दिवसभर रिकामे फोटो काढत बसेल. उंची गुडघ्याच्या जरा खाली. तारीख-वेळ बसवली का, हे दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. समोरचं गवत आणि ब्रॅकन नेचा उपटून टाका, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. जळालेल्या जमिनीवर ब्रॅकन इतक्या झपाट्याने वाढतो की आमच्या एका कॅमेऱ्याने हलणाऱ्या एकाच पात्याचे अकराशे फोटो काढले होते.

आमिष म्हणून लोक ओट्स, पीनट बटर आणि मध यांचा गोळा जाळीच्या चहागाळणीत घालून ठेवतात. वास येतो, खाता येत नाही. पण उघड्या जळालेल्या उतारावर मी ते ठेवत नाही. लपायला झुडूप नाही, आणि कोल्ह्याला आपण बोलावणं धाडतो.

त्यापेक्षा वाँबॅटचं, म्हणजे बिळात राहणाऱ्या गुबगुबीत पोटपिशवीवाल्या प्राण्याचं, बीळ शोधा. लेंड्या चौकोनी असतात, दगडावर किंवा ओंडक्यावर ठेवल्यासारख्या, चुकायची सोय नाही. २०२० च्या जानेवारीत एक गोष्ट फिरत होती की वाँबॅट इतर प्राण्यांना हाकून आपल्या बिळात नेतात. ते खरं नव्हतं. पण वूमारगामाच्या जळालेल्या रानात संशोधकांनी बिळांच्या तोंडाशी कॅमेरे लावले तेव्हा बुश रॅट, घोरपडीच्या कुळातले लेस मॉनिटर, पक्षी असे बरेच जीव तिथे येताजाताना दिसले. बोलावलं नसेल कुणी, आसरा मात्र मिळाला.

खाण्यापाण्याचं: रानात ठेवू नका. सरकारने २०२० मध्ये हेलिकॉप्टरमधून गाजरं आणि रताळी टाकली होती, पण ती ब्रश-टेल्ड रॉक वॉलबीसाठी, कड्यांवर अडकलेल्या ठरावीक कळपांना. स्वतःच्या अंगणात उथळ भांड्यात पाणी आणि त्यात बाहेर यायला एक काटकी, एवढं जरूर करा. भाजलेला प्राणी दिसला तर त्याला उचलू नका, वायर्स या वन्यप्राणी बचाव संस्थेला फोन करा.

---

रानवाट

ढोलीवाली ताई, खूप आभार. बेडूककान, परवानगीचा अर्ज आजच केला. दोन शंका. गटातल्या एका काकांचं म्हणणं आहे की आम्ही मेलेले प्राणी मोजावेत, म्हणजे लोकांना नुकसान कळेल. आणि टॉर्च घेऊन रात्री जावं का?

---

ढोलीवाली

काकांची तळमळ मला समजते. पण लहान जीव राख होतात किंवा बिळात गुदमरून राहतात, कोल्हे-कावळे उरलेलं नेतात. तुम्हाला जे सापडेल त्यावरून काहीच ठरवता येणार नाही. त्या उन्हाळ्यात ३०० कोटी प्राणी मेले किंवा विस्थापित झाले, हा डब्ल्यूडब्ल्यूएफचा आकडा सगळ्यांनी ऐकलाय. तो मृतदेह मोजून आलेला नाही. एका हेक्टरात किती जीव असतात याच्या अंदाजाला जळालेल्या क्षेत्राने गुणून आलाय. त्यातले जवळपास अडीचशे कोटी तर सरडे-साप-पालींच्या वर्गातले. असा अंदाज करायलासुद्धा कुणीतरी आधी जिवंत प्राणी मोजून ठेवलेले असावे लागतात. तुमच्या चाळीस हेक्टरांत ते कुणी केलं होतं का? नसेल, तर आता करताय तीच पहिली वही.

आणि त्या वहीत 'काही नाही' हेही लिहायचं. तारीख, किती रात्री, हवा कशी, काही नाही. लोक रिकाम्या रात्री लिहीतच नाहीत, मग पुढे कुणाला कळत नाही की प्राणी नव्हता की पाहणारा नव्हता.

महिना सांभाळा, हे अँटेकायनसवरून मी शिकले. उंदराएवढा, पण उंदीर नव्हे, पोटपिशवीवाल्यांच्या कुळातला. हिवाळ्याच्या शेवटी माजावर येतात आणि त्यानंतर काही आठवड्यांत सगळेच्या सगळे नर मरतात. वणवा असो वा नसो. समजा तुम्ही पहिली पाहणी मेमध्ये केलीत आणि दुसरी ऑक्टोबरमध्ये, तर निम्मे प्राणी गेले असं दिसेल आणि तुम्ही खापर वणव्यावर फोडाल.

रात्रीचं जरूर करा, कारण ग्रेटर ग्लायडर, म्हणजे झाडांवरून तरंगत जाणारा पोटपिशवीवाला प्राणी, आमिषाला येत नाही. तो निलगिरीची पानं खातो, दिवसा ढोलीत झोपतो आणि आपलं दोन-तीन हेक्टरांचं घर सोडून सहसा जात नाही. २०२२ मध्ये तो संकटग्रस्त यादीत गेला. ज्या ढोलीत तो मावतो ती व्हायला झाडाला शंभराहून जास्त वर्षं लागतात, आणि जुनं पोकळ झाडच वणव्यात आधी पेटतं, धुराड्यासारखं. म्हणून प्राण्यांबरोबर उभी राहिलेली ढोलीची झाडंही मोजा. दुर्बीण लावून, लांबून.

टॉर्च डोळ्यांच्या शेजारी धरायचा, कमरेशी नाही, नाहीतर डोळ्यांची चमक परत आपल्याकडे येत नाही. शंभर मीटरला दहा मिनिटं इतकं सावकाश चाला. उंचावर पांढरट-पिवळी, ठळक चमक दिसली तर थांबा. रिंगटेल पॉसमची चमक तांबूस असते. जमिनीवर हिरवे-निळे ठिपके दिसतील ते कोळी, भिऊ नका. चमक दिसली की प्रकाश बाजूला घ्या किंवा लाल काच लावा, जीव आंधळा होतो हो.

पण वारा असेल त्या रात्री जाऊ नका. हे मी कळकळीने सांगते. जळालेल्या झाडाचा बुंधा बाहेरून धड दिसतो, आत कोळसा झालेला असतो, आणि फांदी पडताना आवाज करत नाही. मुळं जमिनीखाली जळून पोकळी राहते, पाय मांडीपर्यंत आत जातो. आधी दिवसा वाट चालून बघा, दोघांपेक्षा कमी कधीच नको.

---

पहाटपिसं

पक्ष्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. दोन हेक्टरांचा तुकडा, वीस मिनिटं, दिसेल-ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी. ही बर्डलाइफ या पक्षी-संस्थेची पद्धत आहे, नोंदी त्यांच्या बर्डेटा या नोंदसंग्रहात जातात. सकाळी वारा नसताना करा.

लायरबर्डबद्दल: तो पाचोळा उकरून किडे खातो, त्यामुळे पाचोळा जळालेल्या भागात त्याला शोधू नका. घळीत, ओल्या मातीवर उकरल्याच्या ताज्या खुणा बघा. जून-जुलैत पहाटे कान देऊन उभे राहा. व्हिपबर्ड, कुकाबुरा, बोवरबर्ड असे एकामागोमाग एकाच दिशेने ओरडले तर ते तीन पक्षी नसतात, नक्कल करणारा एकच लायरबर्ड असतो.

---

रानवाट

सात आठवड्यांनी लिहितोय. परवानगी यायलाच तीन गेले.

कॅमेरा १, जळालेला उतार: वॉलबी, एकिडना (काटेरी, मुंग्या खाणारा) एकदा, कोल्हा सहा रात्री. कोल्ह्याचं कौन्सिलला कळवलं. कॅमेरा २, घळीतलं वाँबॅटचं बीळ: पहिल्या दहा रात्री वाँबॅट सोडून काही नाही. अकराव्या रात्री दोन वाजून चौदा मिनिटांनी वाँबॅट बाहेर पडला, अंगावर राखेचा थर. चाळीस मिनिटांनी त्याच तोंडातून एक छोटं काहीतरी बाहेर आलं, थांबलं, मिशा वर केल्या आणि परत आत गेलं. तीन फोटो आहेत. मुलगी म्हणते बुश रॅट. मी घाई करत नाहीये.

---

ढोलीवाली

शेपटी बघा. घरांच्या जवळ काळा उंदीरही असतो, आणि त्याची शेपटी डोकं-धड मिळून जेवढं भरतं त्याहून लांब असते. बुश रॅटची तेवढीच किंवा थोडी आखूड. नाक टोकदार आणि कानाला खाच दिसली तर अँटेकायनस.

---

रानवाट

तिसऱ्या फोटोत पूर्ण शेपटी आलीय. मुलीने स्क्रीनवर दोरा लावून दोनदा मोजली. अंगापेक्षा आखूड आहे. नाक बोथट, कान गोल. वहीत लिहिलं, 'बुश रॅट, १, घळ', आणि त्याच्या वरच्या दहा ओळींत 'वाँबॅटखेरीज काही नाही'.